जुनं, ‘मॉडिफाय’ केलेलं मॅच एअर पिस्तूल घेताना: ओळख, तपासणी आणि भाव

दहा मीटर एअर पिस्तूल शिकायला सुरुवात केली की सहा-आठ महिन्यांत प्रश्न येतोच: क्लबचं पिस्तूल किती दिवस वापरायचं? नवं आयात केलेलं पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘फुल्ली मॉडिफाइड, कस्टम ग्रिप, ट्रिगर जॉब केलेला, लगेच घ्या’. विकणारा ‘मॉडिफाइड’ म्हणून भाव वाढवतो. घेणाऱ्याने मात्र त्याच शब्दावर भाव खाली आणायला हवा, कारण ते बदल विकणाऱ्याच्या हातासाठी केलेले असतात आणि मूळ स्थितीत परत आणायचा खर्च तुमच्या खिशातून जातो. पुढची सगळी तपासणी हा खर्च किती, हे काढण्यासाठी आहे.

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल, कुठेही व्यवहार करत असाल तरी क्रम हाच ठेवा. भावाची बोलणी शेवटी.

१. आधी कायद्याची रेषा

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमी (.१७७ इंच) पेक्षा मोठा बोअर (नळीच्या आतला व्यास) किंवा २० जूलपेक्षा जास्त शक्ती असलेल्या एअर वेपनला परवाना लागतो. मॅच पिस्तूल (स्पर्धेसाठी बनवलेलं) या रेषेच्या पुष्कळ खाली असतं. हिशोब सोपा आहे: पेलेटचं (शिशाच्या छऱ्याचं) वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २०००. पेलेट ०.५३ ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला १५० मीटर, तर शक्ती साधारण ६ जूल. त्याच पेलेटला २० जूल गाठायला सेकंदाला पावणेतीनशे मीटर वेग लागेल, तो मॅच पिस्तुलात येत नाही.

पण ‘मॉडिफाय’मध्ये बॅरल (नळी) बदलून ५.५ मिमीची टाकलेली असेल, तर गोष्ट परवान्याच्या हद्दीत गेली. शहरी भागात परवाना ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडून, आयुक्तालयाबाहेरच्या ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. आणि कुणी ‘यात खरी गोळी चालेल असं करून देतो’ किंवा ‘केलेलंच आहे’ म्हणालं, तर तिथून उठा. नकली शस्त्राचं खऱ्यात रूपांतर विनापरवाना करणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे घासाघीस करत बसायचं नाही.

२. सोबत काय न्यायचं

- तुमचे नेहमीचे मॅच पेलेट, शक्यतो दोन-तीन हेड साइजचे (डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी)
- ५०० ग्रॅमचं ट्रिगर वजन (ट्रिगरला अडकवून त्याचा जोर तपासायला)
- क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजायचं यंत्र (क्लबकडे बहुधा असतो, दोन तासांसाठी मागून घ्या)
- लहान टॉर्च, कानातल्या कापसाच्या काड्या, भिंग
- अ‍ॅलन कीचा संच, २० सेंमीची पट्टी, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा
- सेफ्टी फ्लॅग (बॅरलमध्ये घालायची, पिस्तूल रिकामं असल्याची खूण) किंवा नायलॉनची रंगीत दोरी
- कोरा कागद आणि पेन. मोबाइलमध्ये नोंदी केल्या की बोलण्याच्या भरात अर्ध्या राहतात

ट्रिगर वजन नसेल तर अर्ध्या लिटरच्या बाटलीला तारेचा आकडा बांधा आणि आकड्यासकट काट्यावर बरोबर ५०० ग्रॅम भरेल इतकं पाणी घाला. स्पर्धेच्या अधिकृत वजनाची सर त्याला नाही, पण ट्रिगर फार हलका असेल तर एवढ्यानेही कळतं.

भेटायची जागा रेंजच हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मॉलच्या फूड कोर्टात किंवा वाशी स्टेशनबाहेर पिस्तुलासारखी दिसणारी वस्तू पेटीतून काढू नका. परवाना लागत नाही हे तुम्हाला माहीत असतं, समोरून पाहणाऱ्या माणसाला किंवा हवालदाराला नाही.

३. पहिली दोन मिनिटं

बॅरल सुरक्षित दिशेला. हवेचा सिलिंडर काढा. ब्रीच (पेलेट भरायची जागा) उघडा, आत पेलेट नाही हे डोळ्यांनी पाहा आणि फ्लॅग घाला. विकणारा म्हणतो ‘रिकामं आहे’, त्याच्यावर विश्वास असला तरी हे स्वतः करा.

आता सिरियल नंबर. तो फ्रेमवर कोरलेला असतो. पेटीवरच्या लेबलशी आणि कारखान्याच्या टेस्ट कार्डाशी ताडून पाहा. टेस्ट कार्ड म्हणजे कारखान्यात मारलेल्या शॉट्सचं छोटं टार्गेट, त्यावर तोच नंबर असतो. नंबरावर नवा रंग चढवलेला किंवा आजूबाजूची जागा जरा खोलगट आणि चकचकीत दिसली तर भिंग लावा. घासलेल्या नंबराचं पिस्तूल कितीही स्वस्त मिळालं तरी नको. कारण ते चोरीचं असू शकतं, आणि नसलं तरी पुढे तुम्हालाही ते विकता येणार नाही.

४. मॉडेल नक्की कोणतं?

आपल्याकडे जुन्यात प्रामुख्याने स्टायर एलपी १० आणि एलपी २, मोरिनी सीएम १६२ ईआय, फाइनवर्कबाउ पी ४४ आणि पी ८ एक्स, वॉल्थर एलपी ३०० आणि एलपी ४००, पार्दिनी के १०–के १२, टेस्रो पीए १० ही फिरतात. नवशिक्यांसाठी बैकलचं आयझेडएच ४६ एम हेही दिसतं. ते एका लिव्हरने हवा दाबणारं, त्यात सिलिंडरच नाही.

फसवणूक इथे दोन प्रकारांनी होते. एक, भाऊबंद मॉडेल महागड्या नावाने विकलं जातं. एलपी १० मध्ये धक्का शोषणारी यंत्रणा असते, एलपी २ मध्ये नसते. बाहेरून दोन्ही सारखी वाटतात आणि किमतीत बराच फरक. कारखान्याचं अक्षरांकन वाचा, विक्रेत्याचं कॅप्शन नाही. दोन, ‘शॉर्ट मॉडेल आहे’. काही कंपन्या लहान हातांसाठी आखूड आवृत्ती खरंच बनवतात, पण तिचा सिलिंडरही आखूड असतो आणि पुढची साइट (नेम धरायची खूण) नीट बॅरलच्या टोकाशी बसते. लांब पिस्तुलाची बॅरल लेथवर कापली असेल तर बहुधा सिलिंडर बॅरलच्या पुढे डोकावतो, काम्पेन्सेटर (बॅरलच्या टोकावरचा, झटका कमी करणारा भाग) गायब असतो आणि टोकाचा रंग बाकीच्या बॅरलपेक्षा वेगळा असतो.

५. सिलिंडर: निम्मी किंमत इथेच ठरते

हवेच्या सिलिंडरवर निर्मितीचा महिना-वर्ष आणि २०० बार असं कोरलेलं असतं. युरोपीय उत्पादक साधारण १० वर्षांचं आयुष्य देतात. त्यानंतर तो सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि तारखेवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. आयुष्य संपलेला सिलिंडर म्हणजे पेपरवेट. त्याची किंमत शून्य धरा, ‘अजून मस्त चालतो’ हे वाक्य ऐकून घेऊन सोडून द्या.

पिस्तुलासोबत बहुधा दोन सिलिंडर येतात. दोन्हींच्या तारखा वेगळ्या असू शकतात, एकाची पाहून दुसऱ्याची गृहीत धरू नका. एका कंपनीचा सिलिंडर दुसरीला सहसा बसत नाही. बसवलेला दिसला तर मधे अ‍ॅडॉप्टर असतो, आणि तो बऱ्याचदा वागळे इस्टेट किंवा रबाळेतल्या एखाद्या लेथवर बनवलेला असतो. आपल्याकडचे टर्नर हुशार आहेत, आटे सुबक पाडतात. पण २०० बारच्या जोडणीत हवा सोडण्यासाठी एक बारीक छिद्र लागतं, म्हणजे आटे पूर्ण सुटण्याआधी दाब निघून जावा. ते छिद्र नसलेला अ‍ॅडॉप्टर उघडताना हातातून उडतो. असा जुगाड दिसला की पिस्तूल त्या सिलिंडरवर चालवून बघायचंच नाही.

गळतीची चाचणी:

- सिलिंडर सावकाश २०० बारपर्यंत भरा. पटकन भरला तर हवा तापते आणि थंड झाल्यावर काटा १८० च्या आसपास येतो. ही गळती नव्हे. अर्धा तास थांबून परत टॉप-अप करा.
- सिलिंडर पिस्तुलातून काढून पाण्याच्या बादलीत धरा. व्हॉल्व्हच्या तोंडाशी किंवा मीटरच्या काचेपाशी बुडबुडे दिसतात का पाहा. पिस्तूल पाण्यात नाही!
- सिलिंडर लावून चोवीस तास ठेवा. ३५ अंशांत भरलेला सिलिंडर रात्री एसीच्या २४ अंशांत ठेवला तर २०० चे १९३ होतात, तेवढं तापमानाचं. १७० झाले तर आतली सील गेली आहे.

आणखी एक गोष्ट कोकणपट्टीच्या हवेची. हातपंपाने भरलेल्या सिलिंडरात पावसाळ्यात हवेसोबत पाण्याची वाफही आत जाते. पंपाचा ड्रायर वेळेवर बदलला नसेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी पांढरी भुकटी दिसते, आणि रेग्युलेटरच्या (सिलिंडरचा दाब खाली आणणाऱ्या भागाच्या) जाळीवर ग्रीस ताकासारखं पांढुरकं झालेलं असतं. विकणाऱ्याला सरळ विचारा: हातपंप की डायव्हिंगचा मोठा सिलिंडर? हातपंप आणि चार पावसाळे असं उत्तर आलं, तर रेग्युलेटरची सर्व्हिस खर्चात आत्ताच धरा.

६. सीओटूचं हवेवर केलेलं पिस्तूल

हे स्वस्तात मिळतं आणि धोका इथे सगळ्यात जास्त. जुनी मॅच पिस्तुलं सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड वायूवर) चालायची. सीओटूचा दाब २० अंशांना साधारण ५७ बार, ३० अंशांना ७२ च्या आसपास, आणि ३१ अंशांच्या वर तो द्रव राहतच नाही. म्हणजे ठाण्यातल्या एप्रिलच्या दुपारी ही पिस्तुलं मुळातच भरवशाची नाहीत, म्हणून लोक ती हवेवर करून घेतात.

कारखान्याने केलेल्या बदलात मधे रेग्युलेटर असतो, तो २०० बार खाली आणतो. घरगुती बदलात नुसता हवेचा सिलिंडर लावतात. मग सत्तर बारसाठी बनलेल्या व्हॉल्व्हवर थेट दोनशे बार बसतात. लक्षणं ओळखायची अशी: पूर्ण भरलेल्या सिलिंडरवर शॉट लागतच नाही किंवा फुसका जातो, कारण एवढ्या दाबापुढे हॅमर (व्हॉल्व्हवर आपटणारा भाग) व्हॉल्व्ह उघडू शकत नाही, दाब कमी होत गेला की वेग वाढत जातो. विकणारा सांगतो, ‘थोडा दाब उतरू द्या, मग छान चालतं’. या वाक्याचा अर्थ रेग्युलेटर नाही. बदलाचं कंपनीचं बिल किंवा मूळ किटचा भाग दाखवता आला नाही तर घेऊ नका, भाग सुटे करून विकण्यापुरतंच ते राहिलेलं आहे.

७. ट्रिगर

नियमाप्रमाणे ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. बॅरल सरळ वर, वजन ट्रिगरच्या मधोमध, सावकाश उचला. पिस्तूल कॉक केलेलं (शॉटसाठी ताणून तयार), पेलेट नाही. वजन उचललं गेलं आणि शॉट सुटला नाही तर पास. हे तीन-चार वेळा करा, कारण घासलेल्या सिअरवर (शॉट सुटेपर्यंत हॅमर अडवून धरणारा भाग) एकदा ५२० आणि एकदा ४६० असं येतं.

‘ट्रिगर जॉब’ म्हणजे बहुधा तीनपैकी एक: स्क्रू फिरवून वजन बदललं, स्प्रिंगचे वेढे कापले, किंवा सिअरचा कोपरा पॉलिश केला. स्क्रू परत फिरवता येतो. कापलेली स्प्रिंग बदलता येते, ती फार महाग नसते. पॉलिश केलेला सिअर मात्र पूर्ववत होत नाही. कडक थर निघून गेला की तो झपाट्याने झिजतो आणि एक दिवस पिस्तूल कॉक करतानाच सुटतं. तपासायला: कॉक करा, बॅरल सुरक्षित दिशेला ठेवून रबरी मूठ असलेल्या स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या बाजूने फ्रेमवर हलकेच टकटक करा. सुटलं तर व्यवहार तिथेच संपला.

मोरिनीसारख्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये बॅटरीचा कप्पा उघडा. हिरवट-पांढरा थर असेल तर जुनी बॅटरी आत गळलेली आहे. साठ शॉट ७५ मिनिटांत मारायचे असतात, त्यात बिघाड परवडत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं तेव्हा हे सगळ्या देशाने पाहिलं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर निदान पन्नास वेळा ड्राय फायर (पेलेटशिवाय शॉट) करून पाहा. एकही शॉट चुकला तर भाग बदलण्याचा खर्च धरा.

८. ग्रिप

सर्वांत जास्त कौतुक याचं होतं आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत कमी किंमत याची. अक्रोडाच्या ग्रिपवर वुड पुटी लावून, कानस मारून विकणाऱ्याने ती स्वतःच्या तळव्याला बसवलेली असते. तुमचा अंगठा त्या खाचेत बसला नाही तर ती ग्रिप तुम्हाला रोज थोडं थोडं चुकीचं धरायला शिकवते. हात घालून डोळे मिटा, पिस्तूल उचला, डोळे उघडा. साइट्स डावीकडे किंवा उजवीकडे पडल्या असतील तर ग्रिप तुमची नाही.

ग्रिपवरची साइज (एस, एम, एल) आणि उजवी-डावी पाहा. मनगट मोकळं राहतं का, तळव्याखालची फळी वरच्या बाजूला वाकवलेली नाही ना, हेही. वाकवलेली फळी उपकरण तपासणीत बाद होते. पूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या खोक्यात बसलं पाहिजे आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. जादा वजनं जोडलेल्या पिस्तुलांची इथे गंमत होते, काट्यावर ठेवून टाका.

मूळ, न तासलेली ग्रिप पेटीत असेल तर ती मागून घ्या. हा एक ‘बदल’ असा आहे ज्याला खरंच पैसे द्यावेत.

९. बॅरल, वेग आणि ग्रुप

बॅरलच्या तोंडाच्या कडेवरून कापसाची काडी हलकेच फिरवा. कापसाचे तंतू एखाद्या जागी अडकले तर तिथे बर (धातूची उचललेली कड) किंवा टवका आहे, पेलेट तिथून वाकडा निघणार. काम्पेन्सेटर काढून आत शिसाचा एकाच बाजूला ओरखडा दिसतो का बघा. दिसला तर तो तिरका बसलाय.

क्रोनोग्राफवर दहा शॉट. सरासरी साधारण १४० ते १६० मीटर प्रति सेकंद, सगळ्यांत कमी आणि जास्त यांत तीन-चार मीटरपेक्षा फरक नको. मग दहा मिनिटं थांबून अकरावा शॉट मारा. सरासरी १५० असताना हा शॉट १६० ला गेला तर रेग्युलेटरची बैठक झिजली आहे, दाब हळूहळू पाझरतो. स्पर्धेत विश्रांती घेऊन मारलेला पहिला शॉट म्हणूनच वर जातो, आणि खेळाडू स्वतःच्या तंत्राला दोष देत बसतो.

वेग मुद्दाम वाढवलेला असेल तर तो गुण समजू नका. दहा मीटरवर जास्त वेगाचा उपयोग नाही; जास्त झटका आणि कमी शॉट, एवढंच हाती येतं.

शेवटी बॅरल क्लॅम्पमध्ये बांधून दहा मीटरवर पाच-पाच शॉट, तिन्ही हेड साइजचे. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं. क्लॅम्पमधून एकाही पेलेटचा ग्रुप (पाच शॉट्सचा पुंजका) त्यात मावत नसेल, तर दोष पिस्तुलात आहे.

१०. भाव काढायची रीत

आधी आयातदाराकडून त्याच मॉडेलचा आजचा नवा दर लेखी घ्या. विकणाऱ्याने सहा वर्षांपूर्वी किती दिले याला अर्थ नाही. मूळ स्थितीत, नीट चालणारं, दोन चालू सिलिंडरसह असलेलं चार-पाच वर्षांचं पिस्तूल नव्याच्या दोन तृतीयांशापासून मोजायला हरकत नाही. त्यातून प्रत्येक दोषाचा दुरुस्ती खर्च वजा करा.

आकडे नुसते हिशोब दाखवण्यासाठी: नवा दर १,८०,०००, सुरुवात १,२०,००० पासून. एक सिलिंडर मुदत संपलेला, १५,००० वजा. रेग्युलेटर आणि सील सर्व्हिस, ८,००० वजा. ग्रिप बसत नाही आणि मूळ ग्रिप नाही, १४,००० वजा. उरले ८३,०००. तुमच्या जागी तुमचे कोटेशनचे आकडे घाला. बदललेली मागची साइट, रंगीत स्क्रू, स्टिकर, जादा वजनं यांचे शून्य. ‘यावर राज्य स्पर्धेत मेडल आहे’ याचेही शून्य. मेडल मारणाऱ्याचं, पिस्तुलाचं नव्हे.

११. कागद

- मूळ खरेदीचं बिल आणि आयातीचे कागद. ड्यूटी माफीवर आलेलं असेल तर हस्तांतरावर अटी असू शकतात, त्या कागदावरच वाचा
- विक्रीची पावती: दोघांची नावं, पत्ते, आधारची प्रत, मॉडेल, सिरियल नंबर, बोअर, सिलिंडरच्या तारखा, रक्कम
- पैसे बँकेतून. रोख ‘टोकन’ नाही
- खेळाडू अठराच्या आतला असेल तर पावती आईवडिलांच्या नावाने

पावतीत एक ओळ हाताने लिहून घ्या: केलेले बदल कोणते आणि कोणी केले. खोटं सांगायची तयारी असलेला माणूस इथे हमखास चाचरतो.

१२. घरी नेताना आणि पहिला महिना

ट्रान्स-हार्बर लोकलने नेत असाल तर कुलूपबंद कडक पेटी, सिलिंडर पिस्तुलापासून वेगळा, फ्लॅग लावलेला, आणि पेटीत पावतीची व रायफल असोसिएशनच्या ओळखपत्राची प्रत. स्टेशनवर विचारलं तर पेटी स्वतः उघडू नका. कागद दाखवा आणि ते सांगतील तिथे, सांगतील तशी उघडा. विमानाने स्पर्धेला जाताना सिलिंडर पूर्ण रिकामा लागतो.

घरी पेटी कपाटात कुलपात राहू दे, फोमवर सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी त्या बदला. लाकडी ग्रिप पावसाळ्यात फुगते, स्क्रू सैल-घट्ट होतात, म्हणून जुलैत साइट्स हलल्यासारख्या वाटल्या तर आधी ग्रिपचा स्क्रू पाहा. पहिले ५०० पेलेट झाल्यावर क्रोनोग्राफची चाचणी पुन्हा करा आणि आकडे पहिल्या दिवशीच्या कागदावरच खाली लिहा.